नकाशा क्रमांक सतरा (सुधारित)

खालच्या कोपऱ्यात सही माझीच.
त्र्याण्णव सालची, निळ्या शाईची, जरा ऐटदार.
पारडीच्या पुढचा पावणेदोन किलोमीटर
नाग नदी मी फूटपट्टीने काढली होती
एका दुपारीत,
डब्यातली भेंडी गार होण्याआधी
तिच्या सात वळणांचा निकाल लावून.

दोन्हीकडे भिंत, तळाला काँक्रीट,
उतार हजाराला एक.
नदी पुढे कागदाबरहुकूम वागली.
आली, गेली.
थांबली नाही कुठे,
थांबायला जागाच सोडली नव्हती मी.

आता निवृत्तीनंतर बोलावणं:
वळणं परत काढून द्या.
सोबत फाइल, तीन मागण्यांची.
वीजकेंद्राला रोज इतकं पाणी, खंड पडता कामा नये.
भाजीच्या मळ्यांना इतकं, नाहीतर पालक मान टाकतो.
आणि दलदलीला इतकं,
ते नुसतं पडून राहायला.
बेरीज केली. एकशे अठरा टक्के.
चष्मा पुसून पुन्हा केली.
एकशे अठरा.

रंगपेटी उघडली. विजेला लाल, शेतीला हिरवा,
दलदलीला रंगच सापडेना.
आमच्या दफ्तरात तिला फक्त एक शब्द होता:
पोटखराबा.
चाळीस वर्षं तो लिहिला मी,
एकदाही हात अडखळला नाही.

काठावर बेशरम माजलेली,
तिची जांभळट फुलं वासाला भीक घालत नव्हती.
सुगंधाबाई निनावे कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेल्या.
जुनं वळण कुठे होतं, विचारलं
तर उठल्या, आणि पायाच्या अंगठ्याने
चिखलात ओढली रेघ, एका दमात:
"इथून अशी फिरे नं थे.
मंग त्या बाभळीपाशी दम खाये.
सासू सांगे, तिथं वांगं लावाचं नाही,
थे जागा तिची हाय."
"तिची, म्हणजे?"
"पाण्याची. अजून कोनाची?"

पंपघरात उईकेने चहा दिला.
गाळाच्या गॅसवर अर्धा पंप चालतो म्हणाला,
उरलेला अर्धा त्याच्या शिव्यांवर.
इथलं पाणी नळातून जातं पार कोराडीकडे,
तिथे वाफ होतं,
आणि मे महिन्याच्या रात्री
कुणाच्या तरी खिडकीत कूलर होऊन घरघरतं.
"पन साहेब, घान पाणी पाठवलं
तं थे लोक फोनवर फोन करते."

घरी येऊन अंगठ्याची ती रेघ कागदावर उतरवली.
बाभळीपाशी पसरट उथळ जागा,
पाणकणीस, लव्हाळे, गुडघाभर पाणी,
तिथे त्याने नऊ दिवस बसायचं, काही न करता.
मग मळ्यात जायचं.
मळ्यातून झिरपलेलं चरात, चरातून पंपाला.
तेव्हा कुठे उमगलं,
पडून राहिलेलं पाणीच दोनदा मोजता येतं;
धावतं पाणी एकदाच,
तेही पाठमोरं.

तरी चार टक्के कमीच पडतात.
लपवले नाहीत. समासात लिहिले.

आणि वळणात
सुगंधाबाईंचे सहा गुंठे जातात.
हे मी जाऊन सांगितलं, उभ्या उभ्याच.
त्या जुडी बांधत राहिल्या.
सुंभाला गाठ मारली, दाताने तोडलं.
"रेघ तं मीच दाखवली तुमाले," म्हणाल्या.
मग बराच वेळाने,
"मंग सांबार कुठं लावू, साहेब? नकाशावर?"

चुन्याने आखलेल्या वळणावर
एक शेकाट्या येऊन उभा होता,
लाल काटकुळ्या पायांचा.
खाली पाहिलं त्याने. कोरडं होतं.
तरी हलला नाही.

परतताना बसमध्ये कागद मांडीवर पसरला,
खोडरबराने सहा गुंठ्यांतले दोन वाचवता आले.
उरलेल्या चारांपाशी रबर झिजला.
सहीच्या जागी नाव लिहिलंय,
पण पेन्सिलने.
उद्या पुन्हा पारडी.